पुलावर थांबलेला ठिपका

लाल सँडल घ्यायला आलोय, असं तो औषधांच्या दुकानात येऊन म्हणाला. काउंटरमागच्या मुलीने चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, "जेवणाआधी घ्यायच्या की जेवणानंतर?"

मोबाइलच्या नकाशाने पार्सलवाल्याला एक दार चुकवलं होतं. पण नंतर औषधांच्या ऑर्डरही तोच नेऊ लागला. ती बिलं करता करता स्क्रीनवर त्याचा निळा ठिपका गल्लीबोळांतून सरकताना बघत राही. दुकान मामाचं. भाची किती मन लावून धंदा बघते, याचं त्याला कौतुक!

त्या दिवशी दाट धुकं होतं. नदीपलीकडून एका बाईचा फोन आला. आईला दम लागलाय, दम्याचा पंप संपलाय. तो पंप घेऊन निघाला. ठिपका पुलावर पोहोचला... आणि थांबला.

रेंज गेली असेल, तिने मनाची समजूत घातली. ठिपका हलेना. तो फोन उचलेना. पलीकडची बाई मात्र पुन्हा फोन करून रडू लागली. भाचीने दुसरा पंप उचलला आणि स्कूटरला किल्ली लावली. मामा फक्त "जपून" म्हणाला.

पुलावर कठड्याला लागून त्याची गाडी आडवी पडली होती. शेजारी त्याचा मोबाइल. तो मात्र कुठेच नव्हता. कठड्यावरून खाली बघायला तिचा धीर होईना. हाका मारल्या, धुक्यातून उत्तर आलं नाही. पुढे कुणाचा तरी श्वास अडकला होता. ओठ घट्ट मिटून तिने स्कूटर पुढे काढली.

त्या घराच्या पायरीवर तो बसला होता. पँट फाटलेली, गुडघा रक्ताळलेला, छाती धपापत होती. आत म्हातारीचा श्वास जागेवर येत होता.

"गाडी घसरली," तो म्हणाला. "धुक्यात फोन सापडेना... मग पळतच आलो."

ती त्याच्याशेजारीच बसली.

"ठिपका पुलावरच थांबला होता... तुला काही झालं असतं तर —"

आजवर ती त्याला अहो-जाहो करायची. तो बघतच राहिला. तिने शब्द मागे घेतला नाही. रुमाल काढून त्याच्या गुडघ्यावर दाबून धरला.

"तुम्ही... रोज बघता तो ठिपका?"

"बघते."

"मला वाटायचं, मामा बघतात. म्हणून मुकाट्याने सरळ रस्त्याने जायचो." तो हळूच म्हणाला, "कळलं असतं, तर प्रत्येक पार्सल तुमच्या दारावरून नेलं असतं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"आता कळलं ना?" ती म्हणाली.