न अडखळणारं पान

रेवाच्या पानावर एकही टिंब नव्हतं, आणि वत्सलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

नाशिकच्या बालवाचन प्रयोगशाळेत, काचेपलीकडे, सात वर्षांची रेवा 'चलपान' नावाच्या पाटीएवढ्या पडद्यावर धडा वाचत बसली होती. रेवा त्यांची सख्खी नात. मुलांच्या भाषेचा आणि विचारांचा अभ्यास करण्यात वत्सलाबाई पेंढरकरांची तीस वर्षं गेली होती, पण पद्धत तीच जुनी: मूल वाचताना जिथं अडखळेल तिथं आपल्याजवळच्या छापील प्रतीवर पेन्सिलीनं टिंब द्यायचं. दोन वर्षांपूर्वी रेवाला पानागणिक दहा-अकरा टिंबं पडत आणि प्रत्येक टिंबापाशी "आजी, असं का गं?" म्हणून ती डोकं खाई. तेव्हा बाई वैतागायच्या. वैतागाच्या भरात त्यांनीच तिला या प्रयोगात घातलं होतं, आणि आता त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

"झालं का समाधान?" संचालक डॉ. घैसास शेजारी येऊन उभे राहिले. चलपान ही त्यांचीच निर्मिती. सोमवारपासून ते राज्यातल्या पहिलीच्या प्रत्येक मुलाच्या हाती जायचं होतं. बारा जणांच्या समितीत एकाचा जरी नकार आला तरी योजना थांबणार होती, आणि फक्त वत्सलाबाईंचा अभिप्राय यायचा राहिला होता.

"हे नेमकं करतं काय, ते पुन्हा एकदा सांगा."

"सोपं आहे हो. कडेला नजर टिपणारा कॅमेरा बसवलाय. वाचणाऱ्याची नजर एखाद्या शब्दावर जास्त रेंगाळली की तो शब्द अवघड. पापणी लवायच्या आत पान तिथं सोपा शब्द आणतं. तरी अडली, तर वाक्य बदलतं."

"आणि तरीही अडली तर?"

"न अडणारं वाक्य सापडेपर्यंत बदलत राहतं. नजर थांबू द्यायची नाही, ही एकच आज्ञा आहे त्याला."

"मग अर्थाचं काय?"

"अर्थ कुठं पळून जातोय? बाई, तुम्ही भारी शंकेखोर."

शंकेखोर तर त्या होत्याच. आठ मुलांनी एकच धडा वाचून आठ वेगवेगळे शेवट सांगितले होते. अहवालात त्याला 'कल्पनाशक्तीचा विकास' म्हटलं होतं. धड्यातल्या पाडसाची आई रानातून कधीच परत येत नाही. रेवाच्या गोष्टीत मात्र ती संध्याकाळीच परतली होती. पाणी कुठंतरी मुरत होतं.

बाईंनी आत जाऊन रेवापुढं तोच धडा ठेवला, पण कागदावर छापलेला. रेवा घडाघडा वाचत गेली आणि 'आई परतली नाही' या ओळीशी थांबली. पुढं जाईना, काही विचारीना. नुसती त्या शब्दांकडे टक लावून बसली.

"काय झालं गं?"

"आजी, हे पुस्तक बिघडलंय. बदलतच नाही."

 घरी येऊन बाईंनी अभिप्राय लिहिला, अगदी रोखठोक: 'चलपान मुलांचं अडखळणं काढून घेतं, आणि मूल विचार करतं ते अडखळल्यावरच. या योजनेला माझा नकार आहे.' तो त्यांनी घैसासांना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी घैसासांनी त्यांच्यापुढं पेढ्यांचा पुडा धरला. "सर्वानुमते मंजूर! तुमचेही आभार."

"कसले आभार? मी नकार कळवलाय!"

"थट्टा करता काय? हे बघा." त्यांनी टेबलावरचं चलपान पुढं केलं. गेली चार वर्षं ते कार्यालयातला शब्द न् शब्द त्याच्यावरच वाचत असत.

बाईंनी वाचलं. जसंच्या तसं होतं. "हे काय, 'नकार आहे' असं स्वच्छ लिहिलंय की!"

घैसासांनी पान स्वतःकडे वळवलं. "कुठं? 'संमती आहे' असं लिहिलंय."

हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय, असं बाईंना वाटलं. त्या तरातरा त्यांच्या खुर्चीमागं गेल्या. "वाचा मोठ्यानं."

ते वाचू लागले आणि बाई त्यांच्या खांद्यावरून पाहू लागल्या. घैसासांची नजर शेवटच्या ओळीवर पोचली, क्षणभर अडली, आणि अक्षरं विरघळून पुन्हा जुळली. "'काही किरकोळ सूचना वगळता,'" घैसास समाधानानं वाचत होते, "'या योजनेला माझी संमती आहे.'"

बाईंना स्वतःचीच वाक्यं वाचताना अडायचं काही कारण नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी पान जसंच्या तसं राहिलं होतं. घैसास खोटं बोलत नव्हते. ते लबाड असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटून गेलं.

"बाकीच्या अकरा जणांचे अभिप्राय तुम्ही कशावर वाचलेत?"

"यावरच. का?"

बाईंनी लगेच समितीतल्या प्राचार्य तडव्यांना फोन लावला.

"संमती?" तडवी पलीकडून कडाडले. "अहो बाई, चार पानी नकार धाडलाय मी! पोचला नाही की काय?"

दुसरा फोन लावायचा बाईंना धीर झाला नाही. त्यांनी पिशवीतून वहीचा कोरा कागद काढला, त्यावर पेनानं ठळक अक्षरांत एकच ओळ लिहिली आणि तो घैसासांच्या हातात दिला: 'मी संमती दिलेली नाही, आणि तडव्यांनीही दिलेली नाही.'

घैसासांनी वाचायला सुरुवात केली. चौथ्या, 'नाही' या शब्दापाशी त्यांची नजर थांबली. त्यांनी कागद जरा दूर धरला, मग जवळ आणला. कपाळाला आठी पडली. त्यांनी काही विचारलं नाही. कागदाकडे टक लावून ते वाट पाहत राहिले.

वत्सलाबाईंनी हळूच पेन्सिल काढली आणि त्या शब्दाखाली एक टिंब दिलं.