धरणाच्या रस्त्यावरचे फरक

या तुलनेतून माझ्या साडूला काय काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. चाचणी विभागाचं प्रमुखपद. त्याबरोबर खिडकीजवळची खोली, जिचं दार आतून लावून घेता येतं. माझ्या मजकुरावर लाल पेन्सिल फिरवायचा हक्क. आणि जेवणाच्या टेबलावर, माझ्या देखत, सासूबाईंच्या तोंडून 'थोरल्या जावयाचं काही वेगळंच आहे' हे वाक्य. मला मात्र एवढंच हवं होतं, की यातलं त्याला काहीही मिळू नये. मेहनत दोघांची सारखीच चालली होती.

आम्ही मोटारींच्या एकाच मासिकात होतो. तो खऱ्या गाड्या चालवून त्यांच्याबद्दल लिहायचा, मी शर्यतींच्या व्हिडिओ गेमबद्दल. थोरली बहीण त्याची बायको, धाकटी माझी. सासऱ्यांनी जाताना दोघींना जागा वाटून दिली होती, तिच्यावर आमची दोन घरं एका सामाईक भिंतीला टेकून उभी होती. भिंत पातळ होती. तो शिंकला की मला कळायचं.

"तू नुसता बसून गाडी चालवतोस," तो म्हणायचा.

"तुम्ही काय उभ्यानं चालवता?"

संपादकबाई हे सगळं ओळखून होत्या. भांडणारी माणसं दुप्पट काम करतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, की या वर्षीचे तीन मोठे रेसिंग सिम्युलेटर घ्या, खऱ्याच्या कितपत जवळ जातात ते बघा. जो जास्त फरक पकडेल, विभाग त्याच्याकडे.

"आणि दोघांचे सारखेच निघाले तर?" साडूनं विचारलं.

"तुम्हा दोघांत काही सारखं निघेल, असं मला नाही वाटत," बाई म्हणाल्या.

जुने अंक ठेवायच्या तळघरात आमची मांडणी केली होती. लोखंडी चौकटीवर शर्यतीच्या गाडीची सीट, पुढे स्टिअरिंग, खाली तीन पेडल, समोर तीन स्क्रीन. भिंतीलगत कागदाचे गठ्ठे होते, त्यांचा कुबट वास. एक जण चालवायचा, दुसरा मागे स्टुलावर बसून बघायचा, म्हणजे चुका काढायचा. खेळातल्याच नव्हे, चालवणाऱ्याच्याही.

पहिला खेळ दिसायला देखणा. बॉनेटवरून ढग सरकताना दिसायचे, काचेवरचा थेंब वेगाबरोबर तिरका व्हायचा. पण गाडी साबणाच्या वडीवर बसवल्यासारखी. कठड्याला पूर्ण वेगात धडकलो तरी नुसता दिवा फुटायचा. साडूनं एक फेरी मारली आणि म्हणाला, "हे लग्नाच्या फोटोसारखं आहे. सगळे गोरे."

दुसऱ्या खेळात टायरवर खूप काम केलेलं होतं. गार टायरवर मागची बाजू निसटायची, तापल्यावर रस्ता धरायची, फार तापवले की पुन्हा सोडायची. स्टिअरिंग इतकं ओढायचं, की माझी मनगटं सुजली. आवाज मात्र शिलाई मशीनचा, आणि बाकीच्या गाड्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. इथे साडूनं माझ्यापेक्षा जास्त फरक काढले, कारण खरा टायर कसा बोलतो हे त्याला माहीत होतं आणि मला वाचून माहीत होतं. त्याचे जास्त झाले, हे त्यानं मला जिना चढताना सांगितलं, घरी पोचल्यावर सांगितलं, आणि मग भिंतीपलीकडून बायकोला सांगितलं, तेही मला ऐकू आलं.

तिसरा खेळ अजून बाजारात आला नव्हता. कोणत्या तरी लहान कंपनीचा होता. तिथलं कोणी आम्हाला भेटलं नाही, पार्सल तेवढं आलं. त्यांनी आमच्याच गावाबाहेरचा धरणाचा रस्ता लेसरनं मोजून खेळात उतरवला होता. रस्ता तुकड्यांनी यायचा, आधी धरणाची भिंत, मग वळणं, शेवटी गावात शिरणारी सरळ पट्टी. चाचणी करणाऱ्यांसाठी त्यांनी स्टिअरिंगवर एक पिवळं बटण बसवून पाठवलं होतं. खऱ्या रस्त्याशी काही जुळत नसेल, तर बटण दाबून तोंडानं सांगायचं. ते कंपनीला कळेल आणि फरक दूर केला जाईल, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं.

पहिली फेरी साडूची. मी मागे स्टुलावर.

सुरुवातीला तो थट्टेच्या तयारीत बसला होता. मग त्याची मान हळूहळू पुढे गेली. धरणाच्या भिंतीवर एका बाजूनं वारा येतो, तो स्टिअरिंगमध्ये येत होता. दुरुस्त केलेल्या डांबराची पट्टी चाकाखालून जाताना जसा आवाज बदलतो, तसाच बदलला. तळघरात ओल्या सिमेंटचा वास येऊ लागला. मी गठ्ठे चाचपून पाहिले, कोरडे होते.

"सापडला," तो म्हणाला. दुसऱ्या वळणावर लोखंडी कठडा बाहेरच्या बाजूला वाकलेला दिसत होता. "खऱ्यात सरळ आहे. सकाळीच तिथून गेलोय." त्यानं पिवळं बटण दाबलं. "दुसऱ्या वळणावरचा कठडा वाकलेला दाखवलाय. खरा तसा नाही."

आमची पद्धत अशी, की बोललेला प्रत्येक फरक खऱ्या रस्त्यावर जाऊन पुन्हा बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या गाडीतून आम्ही गेलो. कठडा वाकलेला होता.

"ट्रकनं उडवला असेल," साडू म्हणाला.

मी खाली उतरलो. वाकलेल्या जागी रंग उडाला होता आणि तिथे गंज होता. ताजा नव्हे, पापुद्रे सुटणारा. घडीत माती साचली होती, मातीत गवत उगवून वाळलं होतं.

"तुमचा एक फरक कमी झाला," मी म्हणालो.

"तुला तेवढंच दिसणार."

पुढचा तुकडा आला तेव्हा मी चालवत होतो. चढ संपतो तिथे पंक्चरवाल्याचं दुकान आहे, निळ्या पत्र्याचं, बाहेर टायरांची उतरंड. खेळात तिथे मोकळी जागा होती. मी आनंदानं बटण दाबलं. आता त्या आनंदाची आठवण काढवत नाही. "चढावरचं पंक्चरचं दुकान नाही," मी म्हणालो. बोलताना स्टिअरिंग हातात गार पडलं, हिवाळ्यात नळाचं लोखंड लागतं तसं.

बघायला गेलो, तर तिथे गुडघाभर गवत. पत्रा नाही, टायर नाहीत, सांडलेल्या तेलाचा डागही नाही. समोर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "इथे कशाला कोण दुकान टाकेल? पाणी कुठंय इथे?"

साडू गाडीकडे परत गेला. त्यानं डिकी उघडली आणि जादा चाक बाहेर काढलं. त्या चाकाला त्या पंक्चरवाल्यानंच ठिगळ लावलं होतं, महिन्याभरापूर्वी, माझ्यासमोर. चाक पूर्ण बसलेलं होतं. भोक होतं तिथेच होतं. ठिगळ नव्हतं.

त्यानं चाक परत ठेवलं, डिकी लावली, आणि हात पुसत राहिला. हातांना काही लागलेलं नव्हतं.

"म्हणजे," मी म्हणालो, "फरक दूर होतोय. फक्त दुसऱ्या बाजूनं."

"अतिक्रमण काढलं असेल."

"आणि ठिगळ?"

"निघालं असेल." तो गाडीत बसला. "हे बघ, धाकटे जावई, तुझा डाव मला कळतो. मी घाबरून बटण सोडायचं, आणि तू फरक मोजत बसायचं."

संपादकबाईंना मी सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, की त्या रस्त्यानं त्या कित्येक वर्षं जातात, चढावर कधीच दुकान नव्हतं, आणि मला विश्रांती हवी असेल तर चाचणी साडू एकटा पुरी करेल. मी म्हणालो, विश्रांती नको.

शेवटचा तुकडा आला त्या दिवशी बाई स्वतः तळघरात येऊन बसल्या. त्यांच्यासाठी वरून खुर्ची आणली होती. पहिल्या खेळातले माझे जास्तीचे फरक धरून मोजणीत दोघे बरोबरीला होतो. पाळी साडूची होती. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी त्याला जिन्यात गाठलं. "साडूभाऊ, ही पट्टी आपल्या दारावरून जाते. जे दिसेल ते दिसेल. बोलू नका."

"आणि पुढच्या पाळीला तू बोलशील."

"मीही नाही बोलणार. मॅडमना सांगतो, विभाग तुम्हाला द्या."

तो माझ्याकडे बघून हसला. इतक्या वर्षांत मी त्याला एक स्क्रू ड्रायव्हरसुद्धा सरळ हातानं दिला नव्हता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवायला काही कारणच नव्हतं.

"फुकट मिळतंय म्हटल्यावर जपून राहायला हवं," तो म्हणाला, आणि खाली उतरला.

वळणं त्यानं फार सुंदर घेतली. हे मला मान्य करावं लागेल. वाकलेला कठडा मागे पडला, गवत मागे पडलं. तळघरात पुन्हा तो ओल्या सिमेंटचा वास सुटला. बाईंनी नाकाला रुमाल लावला.

सरळ पट्टी लागली. दवाखाना, शाळेची भिंत, पाण्याची टाकी. सगळं जागच्या जागी.

मग आमची जागा.

एकच घर होतं.

खोटं कशाला बोलू, मी आधी कुणाचं आहे ते बघितलं. फाटक माझं होतं. बाजूचं गॅरेज त्याचं. खिडक्यांचा हिरवा रंग माझ्या बायकोनं निवडलेला, आणि छताचा उतार त्याच्या घराचा. मधली भिंत कुठे असेल याची खूणसुद्धा नव्हती. अंगणात दोरीवर कपडे वाळत होते.

त्यानं ब्रेक दाबला. खेळात कोणी असं थांबत नाही. इंजिन घरघरत राहिलं.

"इथे तुमची दोघांची घरं ना?" बाईंनी विचारलं.

त्याचा अंगठा बटणावर होता. मी मागून त्याचा खांदा धरला. त्याला कळलं होतं, त्या डिकीपाशीच कळलं होतं. पण बाई बघत होत्या, आणि मी 'नको' म्हणत होतो. माझं ऐकायची सवय त्याला कधीच नव्हती.

"इथे दोन घरं आहेत," तो म्हणाला. "खेळात एकच आहे."

बटण सुटल्याचा बारीक आवाज झाला.

"छान," बाई म्हणाल्या. "एक फरक जास्त."

आम्ही धावत वर आलो. मी बायकोला फोन लावला. त्यानं त्याच्या बायकोला. कोणाचाच लागला नाही. त्यानं गाडी काढली. वाटेत मी दोन्ही नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिलो. एकदा तो म्हणाला, "लाईन बिझी असेल," आणि मी म्हणालो, "हो." आमच्यात इतकं प्रेमाचं बोलणं त्याआधी झालं नव्हतं.

दवाखाना. शाळेची भिंत. पाण्याची टाकी.

एकच घर.

फाटकाला हात लावायची हिंमत दोघांना झाली नाही. अंगणात एक बाई कपडे काढत होती. पाठमोरी. चिमटा दातांत धरायची माझ्या बायकोची सवय. उजवा पाय जरा ओढत चालणं तिच्या ताईचं. ती वळली. हनुवटी माझ्या ओळखीची होती, डोळे त्याच्या. साडूनं थोरलीचं नाव घेतलं. मी धाकटीचं. दोन्ही नावांना ती हलली नाही.

"कोण हवंय?" तिनं विचारलं. चिमटा दातांतच होता.

"तुझी बहीण कुठे आहे?" माझ्या तोंडून निघालं.

"मी एकटीच," ती म्हणाली. "आईबाबांना मी एकटीच."

तिच्या हातावर एक पुरुषाचा शर्ट होता. बाह्या माझ्यासाठी लांब होत्या. कॉलर साडूच्या मानेला पुरली नसती.

घरातून कोणीतरी शिंकलं.

मग पावलं, जड, दारापर्यंत आलेली. "कोण आहे गं?" आतून आवाज आला. साडूनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. तो आवाज आम्हा दोघांनाही आपला वाटला.

तिनं आम्हाला एकदा नीट न्याहाळलं, आधी त्याला, मग मला. काहीतरी आठवतंय का, असं बघतात तसं.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि कपडे घेऊन आत गेली.

अंक ठरल्या वेळी निघाला. तिसऱ्या खेळाला खरेपणात पूर्ण गुण मिळाले. विभाग साडूला मिळाला. मी त्याला साडू म्हणतो ते सवयीनं, तसं आता आमचं काही नातं नाही. संपादकबाईंना खर्च आला तो रुमाल धुण्याचा. साडूची बायको गेली, माझी गेली, आणि सासूबाईंनी एक मुलगी कमी वाढवली, तरी, फाटकाबाहेरून मला दिसतं, त्या अजून टेबलावर एक ताट जास्त मांडतात आणि मग ते कुणाचं, म्हणून थांबतात.