न दाबता वाजणारी घंटा

त्या सकाळी रुग्णालयातली घंटा कुणी न दाबताच वाजायला लागली. वाजली म्हणजे किती? चौथ्या मजल्यावरचे बेशुद्ध आजोबा ताडकन उठून बसले, "अरे, दार उघडा की कुणीतरी!" म्हणून ओरडले आणि पुन्हा बेशुद्ध झाले. खोटं वाटत असेल तर त्या आजोबांनाच विचारा, अजून ठणठणीत आहेत.

वायरमनला बोलावलं. बिघाड सापडला रक्त काढायच्या खोलीत, छताजवळ. तो शिडीवर चढला. खाली ती, रक्त काढणारी, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिनं वर पाहिलं, त्यानं खाली. त्याचा चेहरा लालबुंद!

"लाजताय की काय?"

"छे हो! हल्ली रंगच असा झालाय. आई म्हणते, टोमॅटो परवडला."

"अंघोळ केली की अंग खाजतं?"

त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर निसटला. "पहिल्याच भेटीत... अंघोळीची चौकशी?"

"चेहरा लाल दिसतोय," ती शांतपणे म्हणाली. "रक्त तपासून घ्या एकदा."

तपासलं. रक्त मधासारखं दाट! लाली आणि खाज त्याचीच. डॉक्टरांनी आजाराचं हातभर लांब नाव सांगितलं, जास्तीचं रक्त अधूनमधून काढून टाकायला सांगितलं. त्याला ओ की ठो कळलं नाही. मग खुर्चीत रेलून, मुठीत रबरी चेंडू धरून त्यानं तिलाच विचारलं.

"असं बघा," ती सुई टोचत म्हणाली, "रक्त बनवणाऱ्या पेशीच्या भिंतीवर बाहेरून एक बटण असतं. रक्त कमी पडलं की शरीर निरोप्या धाडतं. तो बटण दाबतो, पण आत कधीच जात नाही."

"मग आत सांगतं कोण?"

"बटणाच्या आतल्या टोकाला दोघं असतात, टायरोसिन कायनेज नावाचे. एरवी झोपलेले. बटण दाबलं की ते जवळ येतात आणि जागे होतात. स्वतःचे स्वतः नाही हं, एक दुसऱ्याला जागं करतो. मग निरोप हातोहात पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो — वाढा!"

"आणि माझे?"

"तुमचे बिघडलेत. दाराशी कुणी नसतानाही जागेच."

"म्हणजे तुमच्या घंटेसारखे!" तो हसला. मग हळूच म्हणाला, "एक दुसऱ्याला... जवळ आल्याशिवाय नाहीच?"

"मूठ आवळा," ती म्हणाली. नजर मात्र पिशवीवर नव्हती.

तिच्या घरी आत्यानं आणलेली स्थळं काय कमी होती? आत्यानं बटण दाबदाबून झिजवलं, पण आत कुणी कूससुद्धा बदलली नव्हती. आणि आता रक्ताच्या पिशवीशेजारी बसून तिला वाटे, आज जरा सावकाश भरली तर काय बिघडेल...

अशात नवीन गोळ्या आल्या. त्या म्हणे पेशीतल्या त्या दोघांचे थेट हात धरतात, निरोप पुढे जाऊच देत नाहीत. "गोळी लागू पडली की रक्त काढायला यायला नको," डॉक्टर म्हणाले.

"अरे वा!" दोघंही एकदम म्हणाली. आवाज सुतकी.

पण गोळ्या काही लागू पडेनात. डॉक्टरांनी डोकं खाजवलं, डोस वाढवला. तरी रक्त नळीतून गोगलगाईसारखं सरकत होतं आणि हा पठ्ठ्या खुर्चीत बसून शीळ घालत होता. औषध लागू न पडणारा माणूस शीळ घालतो?

"गोळ्या घेताय ना?"

"घेतो की..."

"माझ्याकडे बघून सांगा."

तो छताजवळच्या घंटेकडे बघत राहिला. "लागू पडली असती तर... इथं यायचं कारणच उरलं नसतं."

"मूर्खा!" अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "एक गुठळी मेंदूत गेली ना, तर... तर मी..."

सुई काढून तिनं त्याच्या दंडाशी कापूस दाबून धरला. रक्त केव्हाच थांबलं होतं, तिचा हात हलला नाही. त्याचाही नाही.

"उद्यापासून घेतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "शप्पथ."

"आमच्या घरची घंटा बंद पडलीय," ती भिंतीला सांगावं तशी म्हणाली. "पण रक्त पातळ झाल्याशिवाय दाराशी यायचं नाही."

पान उलटावं तसे महिने गेले नाहीत. एकेक दिवस हातगाडीसारखा ढकलावा लागला. पण एका रविवारी दारावर टकटक झाली. तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा. चेहऱ्याची लाली उतरलेली, हातात हत्यारांची पेटी, खिशात काल तिनंच हातात दिलेला चांगला रिपोर्ट. त्यानं घंटेचं झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"मॅडम, वायर तुटली नाहीये... कात्रीनं कापलीय."

"तरीच!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. "काल संध्याकाळपर्यंत चांगली खणखणीत वाजत होती हो!"

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. त्यानं पेटी खाली ठेवली आणि तिच्याकडे अगदी तिच्यासारखंच निरखून पाहिलं.

"चेहरा लाल दिसतोय," तो शांतपणे म्हणाला. "रक्त तपासून घ्या एकदा."