आधी वाजणारा ब्रेक

गाडीचा ब्रेक वाजतो म्हणून कुणी गॅरेजमध्ये आलं, की कानसेन त्याला आधी बाकावर बसवायचा आणि म्हणायचा, "तोंडाने आवाज काढून दाखवा." मोठमोठी माणसं लाजायची. वकीलसाहेब इकडेतिकडे बघून हळूच "चीं" करायचे, दातांच्या डॉक्टरीणबाई तोंडावर रुमाल धरून "किर्रर्र" करायच्या, आणि रस्त्यापलीकडचा टायरवाला हसून हसून लोळायचा. पण त्या एका आवाजात कानसेनला निम्मं कळायचं. सकाळी दोन-तीनदा वाजून मग गप्प होणारा ब्रेक म्हणजे डिस्कवर धरलेला हलका गंज, दुसरं काही नाही. दाबल्यावर बारीक किंचाळणारा म्हणजे पॅड तापून गुळगुळीत झालेला. आणि ब्रेक न दाबताच चाकाबरोबर चिरकत राहणारा आवाज असेल, तर तो पट्टीचा. पॅडच्या कडेला पत्र्याची एक छोटी पट्टी मुद्दामच बसवलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि कोकलते, की बाबा रे, आता बदल मला. असा कानाने रोग ओळखतो म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि त्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

सोमवारी सकाळी त्याची थोरली बहीण आली. ताई त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ह्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तिनेच केलं. पान्यांचा पहिला संच तिने आपल्या पहिल्या पगारातून घेऊन दिला होता, आणि तो अजून भिंतीवर टांगलेला होता. ताई नर्स. निवृत्तीनंतरही घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करायची. गुडघा दुखायला लागल्यावर कानसेननेच तिला जुनी छोटी गाडी शोधून दिली होती. त्याची स्वतःची व्हॅन, जिला तो म्हातारी म्हणायचा, तीही त्याच कंपनीची. पुढचे ब्रेक पॅड दोन्हींना एकाच मापाचे लागत. ताईच्या गाडीच्या चाकांवरच्या टोप्या कधीच पडून गेल्या होत्या. म्हातारीची एकच उरली होती, पुढच्या डाव्या चाकाची, आणि तीही तांब्याच्या तारेने बांधलेली.

"धाकट्या, ब्रेक वाजतो रे."

"काढ आवाज."

ताई कसली लाजते! मान वर करून तिने सणसणीत "चीऽऽऽ" केलं. टायरवाल्याने तिकडून टाळ्या वाजवल्या.

"दाबल्यावर वाजतो?"

"नाही. दाबायच्या आधी."

"मग पट्टी लागली असणार."

"अरे, ऐकून तर घे. आधी म्हणजे आधी. तो वाजतो, आणि मग मला ब्रेक दाबावा लागतो."

"तू दाबतेस गं. तुला वाटतं नंतर दाबला."

"तुझा पाळणा हलवलाय मी. मला नको शिकवूस."

त्याने चाकं काढली. पॅड बोटभर जाड होते, पट्टी डिस्कपासून लांब. मध्ये खडा अडकला नव्हता, डिस्क लख्ख होती, काही सैल नव्हतं. तरी त्याने सगळं पुसलं, पॅडच्या पाठीला ग्रीस लावलं आणि ताईला गाडी चालवायला सांगून स्वतः शेजारी बसला, काच खाली करून, कान बाहेर काढून. रस्ता सरळ होता, मोकळा होता. एकाएकी ब्रेक किंचाळला. कानसेनने खाली वाकून बघितलं. ताईचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. त्याने मनात एक, दोन, तीन मोजलं, तेवढ्यात फुटपाथवरून एक कुत्रं आडवं आलं आणि ताईने ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली. ब्रेकचा हूं की चूं नाही.

"बघितलंस?" ताई म्हणाली.

"योगायोग," तो म्हणाला.

मंगळवारी त्याने मोबाइलवरचं घड्याळ लावलं. वळण ओलांडताना आवाज आला, दोन आखूड आणि एक लांब. बरोबर एक मिनिटाने एक स्कूटर कडमडली, ताईने दोनदा हलकेच ब्रेक मारला, पुढे बस थांबली आणि तिसऱ्यांदा ताईला पाय दाबून धरावा लागला. दोन आखूड, एक लांब, आणि तिन्ही मुके. गॅरेजमध्ये परत आल्यावर कानसेनने खडूने भिंतीवर लिहिलं: सोमवार तीन सेकंद, मंगळवार एक मिनिट. पंचवीस वर्षांत एकही आवाज त्याला चकवून गेला नव्हता, आणि आता ताईच्या गाडीने त्याचं डोकं फिरवलं होतं.

"तू करशील नीट," ताई म्हणाली. "तू नाही तर कोण करणार?"

बुधवारी गाडी आवारात उभी होती. इंजिन बंद, चावी कानसेनच्या खिशात. ती वाजली. चार आखूड, आणि एक लांब, नऊ अंक मोजेपर्यंत चाललेला.

"ब्रेक कोण मारतंय रे?" टायरवाला ओरडला.

कानसेनने खिशातली चावी चाचपली. ताई आल्यावर दोघं निघाली. उतारावर एका ट्रकच्या मागे ताईला चारदा ब्रेक मारावा लागला आणि पाचव्यांदा नऊ अंक दाबून धरावा लागला. आवारातल्या आवाजापासून इथवर वीस मिनिटं गेली होती. दर दिवशी वीसपट, कानसेनने परत आल्यावर भिंतीकडे बघत हिशेब केला. पण शेवटी तो मेकॅनिक. ज्याचं कारण सापडत नाही ते बदलून टाकायचं, एवढं त्याला येत होतं. त्याने नवे कोरे पॅड काढले आणि ताईच्या गाडीला बसवले. जुने चांगलेच होते, आणि चांगला माल टाकून देणं त्याच्या जिवावर यायचं. म्हातारीचे पॅड झिजून पट्टीला आले होतेच. हात ग्रीसने भरलेले आहेत तोवर त्याने तेही काम उरकलं, ताईचे जुने पॅड म्हातारीला लावले, आणि म्हातारीचे झिजके खोक्यात टाकले. मग ताईची गाडी चौकापर्यंत फिरवून आणली. आधीही आवाज नाही, नंतरही नाही. "जिंकलो," तो टायरवाल्याला म्हणाला, आणि गॅरेजमागच्याच खोलीत जाऊन गाढ झोपला.

गुरुवारी साडेआठला चहा पिताना पुन्हा आवाज आला.

आखूड, बारीक. मग आणखी दोन. कानसेनने कप खाली ठेवला. पत्र्याच्या शेडमध्ये ताईची गाडी आणि म्हातारी नाकाला नाक लावून उभ्या होत्या. आवाज तिथूनच येत होता. तो ताईच्या गाडीपाशी उकिडवा बसला आणि चाकाला कान लावला. त्यानंतर बराच वेळ शांतता होती. मग एक, पुन्हा एक. आणि नऊ वाजून वीस मिनिटांनी तो लांब आवाज सुरू झाला.

कानसेन मोजत होता. सात. आठ. नऊ. दहा. अकराला धाडकन काहीतरी आदळलं आणि आवाज मध्येच तुटला. त्यापाठोपाठ पत्र्याची थाळी पडावी तसं काहीतरी पडलं, गोल गोल घरंगळलं, गिरक्या घेत घेत जमिनीवर बसलं. त्याने वळून बघितलं. फरशीवर काहीच पडलेलं नव्हतं. गाड्यांखाली, बाकाखाली, सगळीकडे शोधलं.

मग तो वाट बघत बसला. दहा वाजले, अकरा वाजले, पुन्हा एकही आवाज नाही. मग ह्या शांततेचा अर्थ त्याला लागला. त्या लांब ब्रेकनंतर ताई पुन्हा ब्रेक दाबणारच नव्हती.

वीस मिनिटं गुणिले वीस. सहा तास चाळीस मिनिटं. नऊ वीसमध्ये मिळवले की बरोबर चार वाजत होते. त्याने भिंतीवर चारचा आकडा लिहिला आणि लगेच तळव्याने पुसून टाकला.

त्यानंतर त्याने जे केलं ते बघून टायरवाल्याला वाटलं, ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. ताईच्या गाडीची चारही चाकं काढून त्याने गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. ब्रेकचं तेल सांडून टाकलं. बॅटरी काढली. चावी ग्रीसच्या डब्यात खोल रुतवली. आता ही गाडी चारला काय, चार दिवसांनीही हलली नसती.

पावणेतीनला ताई हातात औषधांची पिशवी घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय करून ठेवलंस माझ्या गाडीचं?"

"एक पार्ट यायचाय. उद्या देतो."

"उद्या? मला एका आजोबांच्या मलमपट्टीला जायचंय, तीनला निघते म्हणून सांगितलंय."

"आज नको जाऊस ना ताई. एक दिवस घरी बस."

"त्यांची जखम बसणार आहे का एक दिवस घरी?" ताई हसली. मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "काय झालं रे? तोंड का उतरलंय?"

सांगावं असं त्याच्या मनात आलं. शब्द अगदी ओठांवर आले. पण काय सांगणार, की तू चार वाजता मरणार आहेस, असं मला तुझ्या ब्रेकने सांगितलं?

"झोप नाही झाली," तो म्हणाला.

"मग झोप. मी जाते चालत." आणि ती खरंच निघाली, एक पाय ओढत, टळटळीत उन्हात. फाटकापर्यंत जाईतो तिने दोनदा गुडघा धरला. कानसेनचा जीव तुटला. गाडी तर बांधून ठेवली आहे, आता कशाला तिला छळायचं?

"ताई, थांब. म्हातारीला घेऊन जा."

"तुझा तो खटारा?" ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बघून त्यालाही बरं वाटलं. त्याने स्वतः म्हातारी बाहेर काढून दिली, आरसा तिच्या उंचीला लावून दिला. ताईने पुढच्या चाकाच्या टोपीला चपलेने टोचलं. "ही पडेल हं एक दिवस."

"सावकाश जा. चालवताना फोन उचलायचा नाही."

"कितव्यांदा सांगतोस रे धाकट्या?" ती म्हणाली, आणि गेली.

मग तो बिनचाकाच्या गाडीसमोर बाक ओढून बसला. साडेतीन. पावणेचार. गाडी ठोकळ्यांवर मुकाट उभी होती. त्याचा श्वास हळूहळू मोकळा झाला. आपण किती घाबरलो होतो ह्याचं त्याला हसू यायला लागलं. चार वाजले की ताईला सगळं सांगायचं, आणि ती हसून म्हणेल, वेडा कुठला. ते भुताचे पॅडही तिला दाखवू, असं ठरवून त्याने फळीवरचं खोकं खाली घेतलं.

खोक्यात दोन पॅड होते. झिजून पातळ झालेले, पट्टी वाकलेली.

तो ते हातात घेऊन बघत राहिला. हे ताईचे नव्हते, म्हातारीचे होते.

मग त्याने शेडकडे बघितलं. म्हातारी उभी असायची तिथे तेलाचा डाग होता.

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. ताई फोन उचलणार नव्हती. तिला ते त्यानेच शिकवलं होतं.

तो धावत फाटकाशी आला. रस्ता तिथून चौकाकडे चढत जातो आणि चौकाच्या अलीकडे वळणामागे दिसेनासा होतो. ताई परतायची ती ह्याच रस्त्याने. पलीकडे टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. कुठल्याशा शाळेची घंटा झाली. चार.

कानसेनने सगळा जीव कानात आणला.

शाळा सुटल्याचा गलका. कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या. ब्रेक नाही. काहीच नाही.

"नाही वाजला," तो स्वतःशी म्हणाला. "देवा, नाही वाजला."

आणि मग त्याला आठवलं, की दाबताना तो कधीच वाजत नाही.

टायरवाला उठून उभा राहिला. त्याच्या बाजूने वळणापलीकडचं दिसत होतं. त्याच्या हातातली ट्यूब पाण्यात पडली. तो चढावर पळत सुटला. त्याच्या मागे आणखी दोघं, मग दुकानांतून सगळेच. त्यांच्या चपलांचे आवाज कानसेनला स्पष्ट ऐकू येत होते.

तेवढ्यात त्या गर्दीच्या पायांमधून वाट काढत एक टोपी उतारावरून घरंगळत खाली आली. तिला तांब्याच्या तारेचा तुकडा लोंबत होता. फाटकाच्या दगडाला लागून ती वळली, फरशीवर आली, गोल गोल फिरली, गिरक्या घेत घेत कानसेनच्या पायाशी आडवी झाली.

तिचा काडीचाही आवाज झाला नाही.