माती कुठे गेली?

तुम्ही खोटं बोलताय.

हो, तुम्हालाच म्हणतेय. शहराच्या मधोमध काचेच्या इमारतीत बसून बागा, रस्ते, कचरा आणि आता माझी अब्रूही सांभाळणाऱ्या साहेब लोकांना. डोरीन नावाची बाई बागेत खड्डे खणते आणि तसेच उघडे टाकून जाते, असं तुम्ही गावभर सांगत सुटलात.

मी खड्डा उघडा टाकत नाही. आयुष्यात एकही टाकलेला नाही.

आणि हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे.

वाचणाऱ्यांनो, खाली लिहिलेलं सगळं माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही. दारू मी पीत नाही, आणि भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना आजवर तोंडावर हसत आलेय. शहराचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या दारात वकील उभा राहील. इंग्लंडच्या उत्तरेचं एक थंड, ओलं शहर, एवढं पुरे.

मी मूळची ग्रिम्सबीची, मासेमारीच्या बंदरातली. बस चालवते. तिथला डेपो बंद झाला आणि मागच्या सप्टेंबरात मी एकटी या शहरात आले. दोन खोल्या, एक किटली आणि माझं यंत्र.

यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. दांडीच्या टोकाला थाळी, कानात हेडफोन. सुट्टीच्या दिवशी शेतकऱ्याची परवानगी काढायची आणि चिखलात दिवसभर थाळी फिरवत चालायचं. बटणं सापडतात, बंदुकीच्या गोळ्या सापडतात, कधीतरी चांदीचं नाणं. लोक वेडं म्हणतात. म्हणू देत.

नव्या शहरात माझं कुणी नव्हतं. माणसं मिळाली ती इथल्या क्लबात. क्लबाचा अध्यक्ष सिरिल, सत्तरी ओलांडलेला, दात खोटे पण हसणं खरं.

पहिल्याच दिवशी त्याने माझ्या बुटांकडे बघितलं. "ग्रिम्सबीची ना तू? वास आलाच मला माशांचा."

"तुमचे दात पडले तरी नाक शाबूत आहे म्हणायचं," मी म्हटलं.

झालं. त्या दिवसापासून चहाच्या टेबलावर माझी खुर्ची ठरलेली.

या क्लबाला तुम्ही साहेब लोकांनी एका बागेत खणायची परवानगी दिली होती. टेकडीच्या उताराखालचा हिरवळीचा पट्टा. अट एकच... हाताच्या पंजापेक्षा खोल जायचं नाही आणि खड्डा असा बुजवायचा की कुणाला कळता कामा नये.

ती अट आम्हाला शिकवायची गरज नव्हती. आमच्यात बायको सोडून गेलेली चालते, पण खड्डा उघडा सोडलेला चालत नाही. हिरवळ तीन बाजूंनी कापायची, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची. झाकण उलटायचं. माती ताडपत्रीच्या तुकड्यावर काढायची. काम झालं की माती आत, झाकण बंद, वरून बुटाने दोनदा दाबायचं.

थप. थप.

नोव्हेंबरातला शनिवार होता. दुपार कलायला लागली होती. सिरिल टेकडीच्या वरच्या अंगाला, मी खाली.

आणि माझ्या यंत्रातून काहीच आवाज येईना...

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. पण बागेत असं होत नाही. जिथे लोक बसतात तिथे बाटलीची झाकणं असतात, पत्र्याचे तुकडे असतात, खिळे असतात. इंग्लंडात रिकामी जमीन नसतेच. इथे लोकांच्या कितीतरी पिढ्यांनी उन्हाळे काढले होते आणि एक टाचणीसुद्धा नाही?

जणू कुणीतरी सगळं उचलून नेलं होतं.

मी यंत्र सिरिलच्या पायाजवळ फिरवून आणलं. त्याच्या बुटातला लोखंडी तुकडा ठणाठणा वाजला. यंत्र ठीक होतं.

परत खाली आले. आणि मग... एकच आवाज.

गोड, उंच, स्वच्छ. चांदीचा आवाज. कितीही वर्षं हा छंद केला तरी तो ऐकला की सुरी आपोआप हातात येते.

झाकण कापलं. माती काढली. हातातली छोटी शोधकांडी खड्ड्यात घातली. ती थरथरली. तिथेच होतं काहीतरी, बोटभर खाली.

बोटभर खणलं. कांडी गप्प.

अजून खाली धरली. थरथरली.

पुन्हा खणलं. पुन्हा गप्प...

पंजाची खोली झाली तशी मी थांबले. नियम म्हणजे नियम. कांडी तळाशी टेकवून ठेवली आणि ऐकत राहिले. थरथर हळूहळू कमी होत गेली. कुणीतरी ती वस्तू मुठीत धरून सावकाश खाली न्यावी, तशी.

भीती नाही वाटली तेव्हा. राग आला.

पण रागातही मी आमच्या ग्रिम्सबीच्या क्लबाची रीत पाळली. नव्या जमिनीतला पहिला खड्डा आम्ही रिकामा बुजवत नाही. त्यात एक नवी कोरी पेनी, म्हणजे सगळ्यात लहान नाणं, टाकतो. जमिनीचा मान. मी खिशातली लखलखीत पेनी टाकली, माती लोटली, झाकण बंद केलं आणि बुटाने दाबलं.

थप. थप.

आणि खालून...

थप. थप.

वाटलं, टेकडीवरून आवाज उलटला असेल. पण ओल्या मातीचा आवाज उलटत नाही. घरी पोचून किटली ठेवली तेव्हा ते लक्षात आलं, आणि पाणी उकळून आटेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

रविवारी सकाळी गेले. माझा खड्डा उघडा होता.

झाकण नीट बिजागरीवर उलटलेलं. कडा स्वच्छ. कुत्र्याने उकरलं असतं तर चिंध्या झाल्या असत्या. पेनी नव्हती.

आणि मातीही नव्हती.

आजूबाजूला कणभरही नाही. गवतावर दव जसंच्या तसं. खड्ड्यात माती नाही, खड्ड्याबाहेर माती नाही. मग माती गेली कुठे?

घरून कुंडीची माती आणली, खड्डा भरला, दाबला. खालून काही आलं नाही. सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या आठवड्यात तिथे ओळीने खड्डे होते. जिथे मी थाळीसुद्धा फिरवली नव्हती तिथे. सगळे तीन बाजूंनी कापलेले. सगळे रिकामे. आणि सगळ्यांची बिजागरी डावीकडे... मी डावरी आहे म्हणून ठेवते, अगदी तशी.

कुणीतरी माझं बघून शिकलं होतं.

तुमचा बागेचा माणूस पिकर्सगिल तिथेच उभा होता, कमरेवर हात ठेवून.

"काय बाई, बटाटे लावताय?"

"मी नाही हे केलेलं."

"मग कुणी? घुशींनी? घुशींकडे सुरी असते वाटतं तुमच्या ग्रिम्सबीला?"

"आमच्या ग्रिम्सबीला घुशीसुद्धा खड्डा बुजवून जातात. आधी सांगा, माती कुठंय?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. पहिल्यांदा त्याच्या ते लक्षात आलं. मग म्हणाला, "मी वर कळवणार."

कळवलं त्याने. आणि वरून तुमचा निरोप आला. बाईने चूक कबूल करून सही द्यावी, नाहीतर सबंध क्लबाची परवानगी रद्द. सगळ्या बागा, नदीकाठ, सगळं बंद.

कसला डाव आहे हा? एकीचा गळा धरायचा आणि तो आवळायला तिच्याच माणसांना लावायचं?

सिरिल माझ्या खोलीवर आला. बिस्किट हातात धरून बसला, खाल्लं नाही.

"अगं पोरी, कर ना सही. दोन ओळी तर आहेत. लोकांचे रविवार जातील."

"मी केलेलं नाही, सिरिल."

"मला माहितेय. पण त्यांना कुठे खरं हवंय? त्यांना कागद हवाय."

"मग कागदावर तुम्ही करा सही."

मग मी त्याला पेनीचं सांगितलं. त्याच्या हातातलं बिस्किट बशीत पडलं.

"तू तिथे टाकलीस? आत?"

"आमच्याकडे रीत आहे."

"आमच्याकडे नाही." त्याचा आवाज बारीक झाला. "इथे आम्ही जमिनीला काही देत नाही, डोरीन. माझ्या बापाने मला पहिली गोष्ट ती सांगितली होती. दिलं की सवय लागते तिला."

"कुणाला?"

"ते बापाने सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता जाऊन बघू. आम्ही गेलो. ढगाळ दुपार, वारा नाही. पहिल्या खड्ड्यात मी ओतलेली माती नव्हती. तळाशी पेनी होती.

मी उचलली. तीच पेनी. पण चकचकीत नाही. राजाचा चेहरा गेलेला, अक्षरं गेलेली, कडा पातळ झालेली.

झिजलेली नाणी मी ओळखते. नांगराने घासलेल्या नाण्यावर ओरखडे असतात. मातीने खाल्लेलं खरखरीत लागतं. हे साबणासारखं गुळगुळीत होतं.

बोटांनी झिजलं होतं ते. शेकडो वर्षं कुणीतरी चोळत बसल्यासारखं.

मी ते टाकून दोन आठवडेही झाले नव्हते...

मी तिथूनच पिकर्सगिलला फोन केला. "या. तुमच्या डोळ्यांसमोर सगळे खड्डे बुजवते. मग करते सही, करायचीच असेल तर."

तो आला, हातगाडीभर माती घेऊन. तिघांनी मिळून ओळ बुजवली. मी आणि सिरिल हळूच झाकणं बसवत होतो. दाबत नव्हतो. शेवटच्या झाकणावर पिकर्सगिलने आपला जड बूट आपटला.

"हे असं बुजवायचं असतं, बाई."

थप. थप.

क्षणभर शांतता.

मग खालून... थप. थप.

त्याच्या बुटाखालचं गवत हललं. मी पाहिलं. सिरिलने पाहिलं. पिकर्सगिलने तर पायाने अनुभवलं.

मग शेजारच्या झाकणाखाली... थप थप. त्याच्या पलीकडच्या... थप थप. ओळीने दूर जात, झाडांपर्यंत, आणि झाडांपलीकडे, जिथे आम्ही काही बुजवलंच नव्हतं तिथूनही. सबंध उतार खालून वाजत होता.

आणि एकदम सगळं थांबलं.

कबुतरं नाहीत. रस्त्यावरची गाडी नाही. माझा स्वतःचा श्वाससुद्धा मला ऐकू येईना.

सिरिल कुजबुजला, "पाय उचल रे." पिकर्सगिलला उचलता येईना. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता. मी त्याला दंडाला धरून ओढलं तेव्हा तो सुटला. बुटाचा तळ तिथेच राहिला... आणि आमच्या समोर, भर दुपारी, तो तळ हळूच गवताखाली गेला.

मी ओरडले. घाबरून नाही. खाली वाकून ओरडले, "कोण आहेस तू? काय हवंय?"

उत्तर आलं नाही.

आता तुमचं ऐका. सोमवारी पिकर्सगिलची बदली झाली. मी फोन केला तर म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही, बाई. पुन्हा फोन करू नका." मी विचारलं, बूट कुठंय? त्याने फोन ठेवला. त्याच आठवड्यात तुम्ही उतारावर पत्र्याचं कुंपण घातलं. बागेतल्या खड्ड्यांसाठी एवढं उंच कुंपण? आणि रखवालदार कुंपणाकडे पाठ करून उभा राहत नाही, तोंड करून उभा राहतो. मी रोज बस घेऊन तिथून जाते. बघते मी.

काल क्लबाची बैठक झाली. मी सही करणार नाही म्हणून उभी राहिले आणि माझा बिल्ला टेबलावर काढून ठेवला. वाटलं, संपलं. या शहरात मिळाली तेवढी माणसं गेली.

सिरिल उठला. बिल्ला उचलून त्याने पुन्हा माझ्या कोटाला लावला. टाचणी मला टोचलीसुद्धा.

"परवानगी गेली तर जाऊ दे," तो म्हणाला. "मी तिथे उभा होतो. मी पण सही करणार नाही."

मग एकेक करून सगळेच नाही म्हणाले.

तेव्हा रद्द करा परवानगी. आजच करा. त्या उतारावर पाऊल टाकायची आता आम्हालाच हौस नाही. मला झोप लागत नाही, जमिनीवर पाय टेकवताना आधी थांबते, हे खरं आहे. पण घाबरले म्हणून खोट्यावर सही करीन, असं कुणी समजू नये.

जुने नकाशे तुमच्याकडे आहेत. ती बाग व्हायच्या आधी तिथे काय होतं? तिथे कुणाला पुरलंय, आणि ते कुणी लपवलंय?

मला कागद पाठवू नका. दिवसाढवळ्या या, त्या कुंपणाच्या आत उभे राहा, आणि तिथून उत्तर द्या.