एका साच्यातल्या श्रद्धांजल्या

काम अगदी साधं होतं, म्हणून तर मी मे महिन्याच्या भर दुपारी घराबाहेर पडले. आमच्या गढा भागातल्या मराठी मंडळाचा एक ब्लॉग आहे. गणपतीची कार्यक्रमपत्रिका, दहावीचे निकाल, आणि मंडळींपैकी कोणी गेलं तर श्रद्धांजली, एवढंच त्यात असतं. जानेवारीत मी मंडळाचं फेसबुक पेज सुरू करून दिलं आणि ब्लॉगवर जे लिहिलं जाईल ते आपोआप पेजवर जाईल अशी जोडणी केली. मधे एक फुकटची सेवा असते. ती दर पंधरा मिनिटांनी ब्लॉगमध्ये डोकावते आणि नवीन काही दिसलं की उचलून पेजवर टाकते. चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग पनागरचे बळीराम ढोबळे गेले, आणि त्यांची श्रद्धांजली काही पेजवर आलीच नाही.

ढोबळेकाका वर्षानुवर्षं मंडळाच्या गणपतीला भाजीच्या गोण्या पाठवत. त्यांच्या दहाव्याला ग्वारीघाटावर मंडळाचा एकही माणूस नव्हता, कारण कोणाला कळलंच नाही. त्यांची मुलगी विनता माझी शाळेतली मैत्रीण. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, लोकांना वेळ नसेल गं. ते मला फार झोंबलं.

मंडळाचे सचिव भय्यासाहेब देवतळे. संरक्षण खात्याच्या कारखान्यात ओतकामावर जन्म गेला, आता मंडळ चालवतात. पासवर्ड फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरला ठाऊक होता, त्यामुळे तिथेच जावं लागलं. हॉलच्या मागे ती लांबट खोली आहे, शेजारी मंडळाचं स्वयंपाकघर. केटरर आल्यापासून सहा वर्षं त्याला कुलूप आहे. बाहेर लूच्या झळा सुटल्या होत्या, आत कूलरच्या वाळ्याचा ओला वास, आणि भय्यासाहेब खुर्चीत पेंगत बसलेले.

मी जोडणी तपासली, ठीक होती. परवानगी संपली असेल म्हणून नवी घेतली. शेवटी ब्लॉगची फीड उघडली, म्हणजे ती सेवा जी यादी वाचते तीच. ढोबळेकाका यादीत होते, पण अगदी तळाशी, नऊ वर्षांपूर्वीच्या तारखेवर. प्रत्येक पोस्टला एक कायमची खूण असते. ही खूण जुनी होती, म्हणून सेवेला वाटलं की हे तर पाहिलेलंच आहे. मी भय्यासाहेबांना विचारलं, तुम्ही नवी पोस्ट नाही केली?

"नवी काहून करायची? हार, समई, चौकट, सगळं त्यात बनूनच आहे. फोटो बदलायचा, नाव बदलायचं. साचा एकच असते बेटा, माल बदलते."

"आणि आधीच्याचं काय होतं?"

"त्याच्यावरच तर लिहितो ना."

ते इतक्या निरागसपणे म्हणाले की मला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला. चार वर्षांपूर्वी माझे बाबा, मुरलीधर, गेले. भय्यासाहेबांच्या लेखी गेलेला प्रत्येक माणूस 'मनमिळाऊ स्वभावाचा' असतो, म्हणून बाबांवर मी स्वतः लिहिलं होतं, याच खोलीत, याच चौकटीत, रडत रडत, एका बैठकीत. दुसरीकडे कुठे प्रत नव्हती. पुन्हा उघडून वाचायची हिंमत मला कधी झाली नाही. ते तिथे आहे एवढ्याच भरवशावर मी चार वर्षं काढली होती. बाबांच्या जागी नंतर कोण कोण येऊन गेलं देव जाणे.

भिंतीवरच्या मयतांच्या यादीवर बोट ठेवत मी मोजलं. ढोबळेकाकांच्या आधी सतराजण पुसले गेले होते. पहिली होती बेबी मावशी. सव्वीस वर्षं तिने मंडळाच्या पंगती रांधल्या. वर्ध्याकडची बाई, मागे-पुढे कोणी नाही. चौकट मुळात तिच्यासाठीच बनवली होती. ती चार दिवस टिकली, मग एक मोठे साहेब वारले. तक्रार करणारं कोणी नव्हतं, आणि तिथूनच ही पद्धत पडली.

मी भय्यासाहेबांना नको नको ते बोलले. मग मी ढोबळेकाकांची कोरी, नवी पोस्ट केली आणि आम्ही पंधरा मिनिटं वाट पाहिली.

फोन वाजला. पेजवर श्रद्धांजली आली होती. हार, समई, चौकट. आणि चौकटीत, पदर खोचलेली, घामेजलेली बेबी मावशी.

जुनं काहीतरी कुठेतरी साठून राहिलं असेल, असं मी म्हणाले. आमच्या कॉम्प्युटरच्या कामात असं म्हणायची सोय असते. पण तेव्हाच मला वास आला. हिंगाचा. तापल्या तेलात मोहरी तडतडून वर हिंग पडला की येतो तसा, ताजा. कूलरच्या वाऱ्यात तो आधी माझ्या अंगावरून गेला आणि मग भय्यासाहेबांच्या. त्यांचा चेहरा उतरला.

"काढ ते," ते हळूच म्हणाले.

मी हलले नाही, तेव्हा त्यांनीच माझ्यासमोरून हात घालून ती पोस्ट पुसली. ती परत आली. त्यांनी पुन्हा पुसली, ती पुन्हा आली, आणि या खेपेला तिच्यामागे मोठे साहेबही आले. मी सेवेची जोडणीच तोडून टाकली. आता ब्लॉग आणि पेज यांच्यात काहीही उरलं नव्हतं. तिसरी श्रद्धांजली आली.

भिंतीपलीकडे आवाज होत होता. पत्रावळ फरशीवर टेकवून तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा, तशी खरखर. एक खरखर, एक पोस्ट. मग पावलं, बाईमाणसाची, दमलेली. मग पुढची खरखर.

"अमिता... तारच काढून टाकतो..." भय्यासाहेब उठले.

मी त्यांचा हात धरला. मला भीती वाटत नव्हती असं नाही, पाठीवर सगळा काटा होता. पण त्याहून मोठा संताप होता. त्या बाईने सव्वीस वर्षं आमची खरकटी काढली आणि आम्ही तिला चार दिवसही धड ठेवलं नाही. मी त्यांना म्हटलं की आता कशालाही हात लावायचा नाही, बसा. मग मी स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले. कुलूप गंजलेलं, वर जाळी धरलेली. फटीतून मात्र ऊन ऊन वाफ येत होती. मी दाराला तोंड लावून म्हटलं, "मावशी, कोणालाच सोडू नका. माझ्या बाबांनाही वाढा."

आतली पावलं थांबली. अगदी दारापाशी. नंतर पुन्हा चालू लागली.

बाबा तेरावे आले. माझं सगळं लिखाण, एकही काना-मात्रा न हललेलं. "बाबा मनमिळाऊ नव्हते. ते भांडायचे, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं." मी तिथेच उभ्या उभ्या ढसाढसा रडले. अठरावे ढोबळेकाका आले, तोवर भय्यासाहेबांचा फोन सारखा खणखणायला लागला होता. लोक विचारत होते, आभार मानत होते, कोणी नुसतेच रडत होते. विनताचा निरोप आला की तिच्या बाबांबरोबर बेबी मावशीलाही बघून बरं वाटलं. हिंगाचा वास विरत गेला. मला वाटलं, पंगत पुरी झाली.

मग एक खरखर आणखी झाली.

एकोणिसाव्या पोस्टमध्ये नाव नव्हतं. फोटोची चौकट रिकामी होती. खाली एकच ओळ होती, भय्यासाहेबांच्या भाषेतली नव्हे आणि माझ्याही नव्हे: "यांनी मंडळातल्या कोणालाही पुसलं नाही."

आम्ही दोघांनीही ती वाचली. भय्यासाहेबांनी सुटल्यासारखा श्वास घेतला, कारण ती ओळ त्यांना लागू होण्यातली नव्हतीच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस वाईट नाही.

"बेटा, हे... हे एक तेवढं पुसून टाक. तूच पूस. पुसलं की मग ते तुझं राहणार नाही..."

त्यांचं बरोबर होतं. माऊसचा बाण मी त्या बटणावर नेऊनही ठेवला होता. एकदा दाबलं की ओळ खोटी ठरली असती आणि मी मोकळी झाले असते. पण मग मी भय्यासाहेबांपेक्षा वेगळी कोण? त्यांनीही दर वेळी एकच तर पुसला होता. मी हात काढून घेतला, कॉम्प्युटर बंद केला, आणि उन्हात स्कूटर काढून घरी आले.

याला आता अकरा दिवस झाले. भय्यासाहेब रोज सकाळी फोन करतात, पुसलंस का म्हणून विचारतात, मी नाही म्हणते. काल त्या पोस्टमध्ये रिकाम्या चौकटीखाली एक साल आलं आहे, १९८१, आणि त्यापुढे एक छोटी आडवी रेघ. मी १९८१ची. रेघेच्या पुढे अजून काही नाही. मी रोज बघते, आणि तसंच राहू देते.