ओढ्याचा खरा आवाज

माझ्याआधी माझा तंबू त्याच्याकडे गेला.

झालं असं, की तो तंबू मी फक्त फोटोपुरता उभा केला होता. केशरी तंबू, मागे डोंगर, पुढे वाफाळता चहा... आता त्यासाठी खुंट्या कोण ठोकत बसणार? वारा आला आणि तंबू उठून जो पळत सुटला, तो थेट ओढ्याकडे. त्याच्यामागे मी, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चप्पल. काठावर उभ्या असलेल्या एका उंच माणसाने शांतपणे हात पुढे केला आणि तंबूची दोरी धरली.

"तुमचा का?"

"हो... म्हणजे खात्याचा."

"आणि खुंट्या?"

"त्या फोटोत दिसत नाहीत ना—"

"नसल्या की वाऱ्याला बरोबर दिसतं," तो म्हणाला, आणि हसला. हसला तेव्हा बरा दिसला. बरा म्हणजे, चांगलाच.

तो या कॅम्पचा रेंजर. शर्टाच्या खिशात कायम एखाद-दुसरी खुंटी खोचलेली, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव खुंटी ठेवलं. तो मला तोंडावर मोबाइलबाई म्हणायचा. फिट्टंफाट.

उद्यान खात्याने मला पाठवलं होतं ते सोशल मीडियावर कॅम्पची जाहिरात करायला. इथे कुणी फिरकतच नव्हतं. या हंगामात तंबू भरले नाहीत तर कॅम्पला कुलूप आणि रेंजरची बदली मुख्य कार्यालयात, हे मला बुकिंगच्या खिडकीतल्या मावशींनी सांगितलं. मावशी तशा कुणाच्याच सख्ख्या नव्हत्या, पण मावशी सगळ्यांच्या होत्या.

"त्याला टेबलाशी बसवलं ना, तर वाळून जाईल गं पोरगा," त्या म्हणाल्या.

"नक्की बदली होणार?" मी दोनदा विचारलं. खरं तर तेवढी आमची ओळखसुद्धा नव्हती.

मी कामाला लागले. पण खुंटी कॅमेऱ्यासमोर यायला तयार होईल तर शपथ! "हवं तर हात घ्या," एवढीच सवलत. मग मी हात घेतले. दोरीला गाठ मारणारे, चूल पेटवणारे, वाटेवरची गोगलगाय उचलून पानावर ठेवणारे. लोक विचारायला लागले, हे हात कुणाचे? मी उत्तर द्यायचे, खात्याचे.

कॅम्पवर रेंज नव्हती. ती मिळायची टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी; खाली फक्त मावशींच्या खिडकीतला लँडलाइन. रोज संध्याकाळी मी रील टाकायला वर निघाले की तोही निघायचा.

"वाट निसरडी आहे," तो म्हणायचा.

वाट खडखडीत कोरडी असायची. मी कशाला वाद घालतेय?

त्याची तक्रार एकच. "हा पियानो इथे कुठे वाजतो हो?"

"लोकांना आवडतो."

"आमच्या ओढ्याला स्वतःचा आवाज आहे, मोबाइलबाई. एकदा ऐकवून तर बघा."

आता माझी एक खोड सांगायला हवी. शूटिंग करताना मी स्वतःशी पुटपुटते. काहीही. त्याने काही बिघडत नाही, कारण व्हिडिओ हातात आला की मी आधी मूळ आवाज बंद करते आणि वर संगीत चढवते. वर्षानुवर्षांची सवय.

हंगाम संपत आला, निम्मे तंबू रिकामेच. साहेबांचा निरोप आला, की या आठवड्यात निर्णय होणार. म्हटलं, जाता जाता त्याच्या मनासारखी एक रील करू. तो ओढ्यात किटली घासत होता. मी फक्त हात टिपले, संगीत लावलं नाही, तशीच रील टाकली आणि खाली आले.

सकाळी मावशी ओरडतच आल्या. "अगं ए, काय बोललीस तू त्या व्हिडिओत! फोन ठेवू देत नाहीत लोक!"

मी टाकीपर्यंत धावत सुटले. मोबाइल कानाला लावला. ओढा छान खळखळत होता... आणि त्यावर माझा आवाज. स्वच्छ.

"वर बघू नकोस हं. बघितलंस की माझा हात हलतो. काय करू रे तुझं... किती आवडतोस."

तोंडावर अहो-जाहो करणारी मी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. खाली लोकांच्या प्रतिक्रियांचा नुसता पाऊस. हात हलू दे, त्याला बघू दे! तेवढ्यात साहेबांचा फोन.

"ती रील काढलीस तर बघ! सगळे तंबू भरले. कॅम्प चालू राहणार."

मी 'डिलीट'वर बोट नेलं. काढली तर माझी लाज वाचेल. राहू दिली तर त्याचा ओढा. मोबाइल मी खिशात टाकला. लाजेचं काय, ती आज ना उद्या जाणारच होती.

मागे पाचोळा वाजला. तो होता.

"मावशींनी सांगितलं सगळं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "कॅम्प राहिला म्हणे."

"हो. तरी... तुम्ही म्हणालात तर काढते मी."

तो बुटाने माती उकरायला लागला. "एक विचारू? हे त्या केशरी तंबूसारखं नाही ना? फोटोपुरतं?"

"आणि असलं तर?"

"तर काढा. कॅम्प गेला तरी चालेल मला." तो मातीकडे बघतच म्हणाला. "खरं असेल, तर राहू दे."

असलं काही कुणी मला कधी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि इतके दिवस दातांखाली धरलेलं 'रे' सुटलंच.

"खरं आहे रे. या वेळी खुंट्या ठोकून."

तो हसला, पण मान खालीच. "मग... वर बघू का?"

"बघ ना."

त्याने बघितलं. माझा हात हललाच. पण या वेळी त्यात मोबाइल नव्हता, त्याचा हात होता.